चावताना नाही, चढताना दुखायचं

बाबा रिटायर झाल्यापासून दर रविवारी पांडवलेणी चढतात, सकाळी सहाला घर सोडायचं आणि येताना सगळ्यांसाठी मिसळ पार्सल. दिवाळीनंतर मी सोबत जायला लागलो तेव्हा बघितलं की अर्ध्या पायऱ्यांवर ते थांबतात, कठड्याला टेकून खाली हायवेकडे बघत राहतात आणि एक हात डाव्या गालावर. विचारलं तर म्हणाले अरे दाढ ठणकतेय. दोन मिनिटांनी परत चालायला लागायचे, एकदम नॉर्मल.

डेंटिस्टने एक्सरे काढला, दाढ ठणठणीत. मग आईच म्हणाली, की अहो तुम्ही भाकरी चावताना कधी तोंड वाकडं करत नाही, चढतानाच कशी दुखते तुमची दाढ?

फॅमिली डॉक्टरांनी हे एक वाक्य ऐकलं आणि लगेच ईसीजी काढला, तो नॉर्मल आला, आम्ही निघायच्या तयारीत. पण ते म्हणाले बसल्याजागी काढलेला ईसीजी अशा माणसाचा नॉर्मल येऊ शकतो, टीएमटी करा, म्हणजे ट्रेडमिलवर चालताना काढलेला ईसीजी. ट्रेडमिलवर सहाव्या मिनिटाला दाढ दुखली आणि त्याच वेळी ग्राफ बदलला. पुढे अँजिओग्राफी, हृदयाच्या मुख्य रक्तवाहिनीत ९० टक्के ब्लॉक, स्टेंट.

डॉक्टरांनी समजावलं ते असं, की वाहिनी अरुंद झाली तरी बसून असताना रक्त पुरतं, चढताना हृदयाला जास्त लागतं आणि ते मिळत नाही म्हणून दुखतं, आणि हृदयाकडचे नि जबड्याकडचे निरोप मेंदूकडे जाताना एकत्र येतात म्हणून मेंदूची गल्लत होते. कुणाला डावा हात भरून येतो, कुणाला पाठीत, कुणाला छातीवर कुणी बसल्यासारखं, आणि खूप जणांना वरच्या पोटात, जे आपण सोडा पिऊन गॅस म्हणून सोडून देतो. आम्हाला वाटायचं थांबल्यावर बरं वाटतं म्हणजे काही नाही, पण श्रमाने येणं आणि थांबल्यावर जाणं हीच तर खूण होती!! आणि तेच बसल्याजागी आलं, घाम फुटला आणि जाईचना, तर स्वतः गाडीवर निघायचं नाही, सरळ १०८ लावायचा. तिथे एकेक मिनिट म्हणजे हृदयाचा स्नायू असतो.

शुगर असणाऱ्यांना आणि बायकांना कधीकधी छातीत काहीच दुखत नाही, नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. हे ऐकताना मी आईकडे बघितलं. तिला अकरा वर्षांपासून शुगर आहे, आणि हल्ली भाजी घेऊन दुसऱ्या मजल्यावर आली की ती दाराशी पिशवी ठेवून तिथेच चपलांच्या स्टँडवर बसते, वय झालं रे म्हणते. मी पण इतके दिवस हो म्हणायचो.

बुधवारी तिची टेस्ट आहे. बाबा येतायत सोबत.