गोठवणीत टिकेल तो भ्रूण: आमची वाटचाल

गाईंचे भ्रूण प्रयोगशाळेत वाढवून द्यायचं काम आम्ही सुरू केलं, तेव्हा सगळा हिशोब संख्येवर चाले. शंभर बीजांडं लावली की सातव्या दिवशी तीस-चाळीस ब्लास्टोसिस्ट, म्हणजे आत पोकळी तयार झालेले, गाईत सोडण्याजोगे भ्रूण मिळावेत, हा या धंद्यातला सर्वसाधारण अंदाज. आम्ही त्यात बसत होतो. ताजे भ्रूण सोडले की गाई गाभणही राहत. गोठवून दिलेल्या भ्रूणांवर मात्र पशुपालकांचा फोन ठरलेला: "गाय उलटली हो." म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली.

कारण सूक्ष्मदर्शकाखालीच होतं. गाईच्या पोटातून काढलेला भ्रूण फिकट, आरपार दिसतो, आमचे काळपट. तो काळेपणा चरबीच्या थेंबांचा, आणि चरबी भरलेली पेशी गोठवण नीट सोसत नाही. चरबी वाढण्यात मोठा हात सिरमचा, म्हणजे भ्रूण ज्या पोषक द्रवात वाढतो त्या माध्यमात घातलेल्या रक्तद्रवाचा. सिरम घातलं की भ्रूण भराभर ब्लास्टोसिस्टपर्यंत पोहोचतात, आकडा छान दिसतो; पण काही वासरं अवाजवी मोठी होतात आणि गाय विताना अडते.

सिरम बंद केलं. संख्या उतरली, भागीदार कुरकुरले. त्यांचंही खरं होतं, बिल तर भ्रूणामागे लागतं.

पुढचा खर्च ऑक्सिजनचा, म्हणजे तो कमी करण्याचा. हवेत ऑक्सिजन २० टक्क्यांच्या वर असतो, भ्रूण सुरुवातीला जिथे वाढतो त्या गाईच्या बीजवाहिनीत त्याहून खूपच कमी. म्हणून वाढीच्या इन्क्युबेटरमध्ये ५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बाकी नायट्रोजन ठेवायला लागलो. तापमान ३८.५ अंश. नायट्रोजनचे सिलिंडर भराभर संपतात, पण हा खर्च मला कधी टोचला नाही. माध्यमाच्या थेंबांवर पसरायचं तेलही प्रत्येक नव्या बाटलीचं आधी तपासून घेतो. चांगलं आणि खराब तेल डोळ्यांना सारखंच दिसतं. खराब तेल आठवड्याची मेहनत गुपचूप खातं.

चरबी जाळायला पेशीला मदत करणारं एल-कार्निटिनही वापरतो, बेतानं. जास्त झालं तर उलटंच होतं.

एक गोष्ट नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगतो: ब्लास्टोसिस्ट किती होतील ते बरंचसं बीजांड ठरवतं, ते कसे होतील हे फलनानंतरचं माध्यम. आडात नाही ते पोहऱ्यात आणता येत नाही. त्यामुळे बीजांडाभोवती पेशींचे घट्ट थर आहेत की नाही हे पाहूनच निवड होते. उन्हाच्या तडाख्यात दाता गाईची बीजांडं कमजोर येतात. तेव्हा आम्ही फार आश्वासनं देत नाही.

भ्रूणाची प्रतवारी एक ते चार अशी असते, चार म्हणजे मेलेला. गोठवायला आम्ही फक्त एक नंबरचे घेतो, दोन नंबरचे त्याच दिवशी ताजे सोडतो. प्रत्येक खेपेतला एखादा भ्रूण मुद्दाम वितळवून पाहतो. सुरुवातीला तो आक्रसलेला, सुरकुतलेला असतो. चांगला असेल तर काही तासांत आतल्या पोकळीत पाणी भरतं आणि तो पुन्हा टच्च फुगतो. नाही फुगला तर ती खेप बाहेर जात नाही.

सध्या बीजांड पक्व होण्याच्या टप्प्यावर काम चालू आहे. अंडाशयातून बाहेर काढलं की बीजांडाचं केंद्रक आपोआप पुढे सरकतं, पेशीरसाची तयारी मागे राहते. केंद्रकाला काही तास थोपवणारी द्रव्यं वापरून पाहतोय. तूर्त आमच्या स्वतःच्या बीजांडांवरच, गिऱ्हाइकाच्या नाही.