तुम्ही विचारलंत म्हणून: फाईल ओडीटीत का मागते?

नवीन लेखकाशी पहिल्यांदा फोनवर बोलणं झालं की मी दोन गोष्टी सांगते. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत टाइप केलेला हवा, आणि जमलं तर फाईल ओडीटीत, म्हणजे लिबरऑफिस या वर्डसारख्या सॉफ्टवेअरच्या फाईल-प्रकारात पाठवा. पलीकडे जरा शांतता. मग ठरलेला प्रश्न येतो, "ताई, वर्ड सगळ्यांकडे असतं की. हे ओडीटी काय मध्येच?" एकदोघांनी तर आडून विचारलंय, वर्डचे पैसे वाचवायचे म्हणून का? फोनवर मी "सोयीचं पडतं" म्हणून विषय मिटवते. खरं उत्तर लांब आहे आणि ते एका सीडीपासून सुरू होतं.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त सर माझ्याकडे आले. सह्याद्रीतल्या भटकंतीवरचं त्यांचं पुस्तक १९९९ साली निघालं होतं, आता दुसरी आवृत्ती काढायची होती. "टायपिंगचा प्रश्नच नाही, सगळं तयार आहे," म्हणत त्यांनी रुमालात गुंडाळलेली सीडी काढली. सीडीवर एक ओरखडा नव्हता. फाईलीही जागच्या जागी होत्या. फक्त ज्या सॉफ्टवेअरमध्ये पानं लावली होती ते बंद पडून जमाना झाला होता, आणि त्याच कंपनीचं नवं सॉफ्टवेअर जुन्या फाईलींना ओळख देईना. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ एका डीटीपीवाल्या मित्राकडे जुना कॉम्प्युटर होता. तिथे फाईल एकदाची उघडली. पानावर ओळी, परिच्छेद, मथळे सगळं बरोबर होतं, पण अक्षरं म्हणजे इंग्रजी मुळाक्षरांचा नुसता चिवडा. मराठी फॉन्टचं पॅकेज चालायला प्रिंटरच्या पोर्टला एक लॉक लावावं लागायचं, आणि ते लॉक छापखान्याने जागा बदलली तेव्हा कुठेतरी गहाळ झालं होतं.

हा चिवडा का होतो, ते सांगते. त्या काळच्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी मराठी असं काही नसायचंच. कृतिदेव फॉन्टमध्ये तुम्ही 'मराठी' लिहिलंत की फाईलमध्ये साठतं ते इंग्रजी ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. फॉन्ट त्यांच्यावर म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी असे मुखवटे चढवतो. फॉन्ट काढला की मुखवटे उतरले. त्यातून प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, म्हणजे एकाचा म तो दुसऱ्याचा भलताच कोणी.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरून पाहिला. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठते, त्यामुळे ती कित्येक ठिकाणी शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसली. ते एकवेळ डोळ्यांना दिसतं तरी. खरा घात केला पापणीसारख्या अर्ध्या र ने. सरांच्या पुस्तकात पानोपानी दऱ्या होत्या, कन्व्हर्टरने त्यांचा दर्या केला. "दोन दऱ्या ओलांडून आम्ही वस्तीला पोचलो" याचं झालं "दोन दर्या ओलांडून". शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला यात काहीच खटकत नाही, कारण दर्या हाही चांगला मराठी शब्द आहे. शेवटी छापील प्रत समोर ठेवून सगळं पुस्तक पहिल्यापासून टाइप केलं. प्रतीची शिवण उसवली होती, पानं पिवळी पडली होती, पण वाचता येत होतं.

असं होऊ नये याची सोय तेव्हा नव्हती असंही नाही. भारतीय मानक ब्युरोने भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये जाहीर केलं होतं. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली. पण पान वेळेत छपाईला जायचं होतं आणि कागदावर अक्षर सुबक दिसत होतं. फाईल वीस वर्षांनी कोण उघडणार? मीही तेव्हा तेच केलं असतं.

युनिकोडने अक्षराचा प्रश्न सोडवला. उरली ती अक्षरं ठेवायची पेटी. ओडीटी ही ओपन डॉक्युमेंट कुटुंबातली. २००५ मध्ये ओएसिस या संस्थेने ते प्रमाण म्हणून मंजूर केलं आणि २००६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने. ओडीटी फाईलची एक प्रत घ्या, नावातलं ओडीटी खोडून झिप लिहा आणि उघडा. आत कंटेंट नावाची एक्सएमएल फाईल सापडेल. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडली तरी कंसांच्या गर्दीत तुमची मराठी वाक्यं दिसतात. उद्या लिबरऑफिस बंद पडलं तरी एखादा कॉलेजातला मुलगा त्यातून मजकूर बाहेर काढेल.

आता न्यायाने बोलायचं तर वर्डची डॉक्सएक्स फाईलही झिपच असते आणि तिचंही प्रमाण आहे. ते आयएसओपुढे आलं तेव्हा सहा हजारांहून जास्त पानांचं होतं, आणि त्यातली एक सूचना चक्क "वर्ड ९५ सारखं अंतर सोडा" अशा अर्थाची होती. वर्ड ९५ किती अंतर सोडायचं ते ज्याचं त्याने शोधावं! भारताने २००७ मध्ये त्याच्या विरोधात मत दिलं, २००८ मध्येही ते बदललं नाही, तरी प्रमाण मंजूर झालं. त्यामुळे डॉक्सएक्स आली तर मी परत पाठवत नाही. उलट ओडीटीत कृतिदेव भरून पाठवलंत तर पेटी चांगली पण आत तोच चिवडा.

पैशांचं म्हणाल तर इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दात दोन अर्थ कोंबलेत, म्हणून कोणालाही वापरता, बदलता येईल अशा मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना जन्मभर खुलासे करावे लागले. आपल्याकडे मुक्त वेगळं आणि फुकट वेगळं. लिबरऑफिस दोन्ही आहे, मला पहिल्याचं अप्रूप. त्यात दोष नाहीत असं नाही. डॉक्सएक्समधली तक्ते असलेली पानं तिथे हमखास हलतात आणि मी हमखास वैतागते.

हल्ली तरुण लेखकांकडे फाईलच नसते. लिहिणं गूगल डॉक्समध्ये, तेही फोनवर. मला लिंक येते. एकाने ड्राइव्हच्या फोल्डरमधून कादंबरी पेनड्राइव्हवर उतरवून आणली. पेनड्राइव्हवर होता तो फक्त कादंबरीचा पत्ता, दोन-चार ओळींचा. अशांना मी सांगते, कॉम्प्युटरवर डॉक्स उघडा, फाईल मेनूत डाउनलोड आहे, त्यात ओडीटीचा पर्याय आहे, महिन्यातून एकदा तेवढं करा.

सरांना दुसऱ्या आवृत्तीबरोबर मी ओडीटी, पीडीएफ आणि साधी टेक्स्ट फाईल दिली. त्यांनी तिथेच नातवाच्या फोनवर टेक्स्ट फाईल उघडायला लावली आणि 'दऱ्या' शोधायला सांगितलं. ६३ ठिकाणी सापडला. "एवढ्या?" म्हणाले, आणि पहिल्यापासून एकेक तपासायला बसले.