मिरकरवाड्याची पोरं आणि ब्लॉकचेन

ब्लॉकचेन (एकमेकींना जोडलेल्या नोंदींची डिजिटल वही) शिकायला आज आमच्या, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या पोरांचे गेमिंगचे सामने झाले. बक्षीस पैशाचं नाही. जिंकणाऱ्याने निकाल स्वतः सेपोलिया टेस्टनेटवर (इथेरियम ब्लॉकचेनच्या चाचणीच्या जाळ्यावर) नोंदवायचा. तिथलं ईथर हे चलन फुकट, त्याला बाजारभाव नाही, म्हणून "ह्यो जुगार हाय काय?" विचारणाऱ्या आया शांत झाल्या. (विचारलं ते रास्तच होतं म्हणा.)

मजा सरावासाठी केलेल्या ब्लॉकच्या (नोंदींच्या गठ्ठ्यांच्या) साखळीवर आली. हरलेल्या एका पठ्ठ्याने निकालात गुपचूप ९ चा १० केला. लगेच त्या ब्लॉकचा एसएचए-२५६ पद्धतीचा ६४ अक्षरी हॅश (मजकुरावरून निघणारा ठसा) पार बदलला, पुढच्या ब्लॉकमध्ये लिहिलेल्या हॅशशी जुळेना. मासळीचा हिशेब आईसोबत लिहिणारी एक पोरगी ओरडली, "एक पान खोडलंस तर पुढची सगळी वही बोंबलते रे!"

हेच समजवायला केलेल्या माझ्या स्लाइड्स गेल्या पाण्यात. मोबाइल मात्र अजून दोघांत एकच, आणि रेंज फक्त जेटीवर.