तवशांच्या फेस्ताला पायी

पाऊस उघडायची वाट बघत बसलो असतो तर फेस्त, म्हणजे चर्चचा सण, चुकलं असतं. वहिनीने तवसं, म्हणजे काकडी, ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं आणि आम्ही दोघी जुन्या गोव्याहून तळावलीच्या सांतान चर्चकडे निघालो. नवस तिचा, त्यातही अनवाणी चालण्याचा; मग मीही चपला काढल्या.

निघण्याआधी ऑगस्टिनियन चर्चचा मनोरा बघून घेतला. जांभ्याचा तेवढाच सुळका उरलाय. १८४२ साली छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भिंत गेली. सांतानच्या दर्शनी भागाचा नमुना हेच चर्च, असं जाणकार मानतात. म्हणून ही वाट याच क्रमाने चालावी: आधी पडलेलं पाहावं, मग उभं असलेलं.

चिखल, हिरवी शेतं, पायाला टोचणारी खडी. आणि मग एकदम समोर पाच मजली भिंत! एका गावाच्या चर्चला एवढी! १६८१ ते १६९५ या काळात बांधलेली. तिच्यासमोर मी बराच वेळ भिजत उभी होते. बरोक, म्हणजे ती नक्षीदार युरोपीय शैली, म्हटलं की सोन्याने मढलेली वेदी आठवते, पण इथला जीव मला शिंपल्यांत वाटतो. चुन्यात घडवलेल्या त्या पन्हळींवरून पाणी ओघळतं तेव्हा प्रत्येक कड वेगळी दिसते. भिंती इतक्या जाड की आत पोकळी आहे. त्यातून कुणाला न दिसता पापनिवेदनाला जाता येई.

आत जोडप्यांची दाटी. मूल हवं असेल तर तवसं, नवरा हवा असेल तर उडीद, बायको हवी असेल तर चमचा. पोर्तुगीजमध्ये या मागण्यांची यमकंही जुळतात. कुंकू लावलेल्या बायकाही रांगेत होत्या. टोपी घातलेली, हातात काठी असलेली एक म्हातारी टेकडीवरून उतरली आणि ‘हेच माझं घर’ म्हणाली, अशी इथली आख्यायिका. तीच सांत आना, येशूची आजी.

मी वहिनीला विचारलं, “मनात काय मागितलंस?”

“अगं, आजीकडे काय मागतात? नातवंडच ना!”

तिने तवसं वेदीपुढे ठेवलं, हात जोडले, मेणबत्ती लावली. बाहेर जत्रेत खाजं घेतलं आणि बस येईपर्यंत दोघींनी संपवलं.