आमियाँत, ज्यूल व्हर्नच्या घरी

पॅरिसच्या गार द्यु नॉर स्थानकातून गाडी पकडली की तासा-सव्वातासात आमियाँ येतं. बहुतेक प्रवासी इथे उतरतात ते कॅथेड्रल पाहायला. मी मात्र आधी स्थानकापासून जवळच असलेलं, गोल मनोऱ्याचं विटांचं घर गाठलं. १८८२ ते १९०० या काळात फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न इथे भाड्याने राहत होता. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न लहानपणी वाचला, तेव्हापासून हे घर मनात होतं.

खालचे दिवाणखाने श्रीमंती थाटाचे आहेत, पण पाय अडखळतो तो वरच्या अभ्यासिकेत. एवढीशी खोली, टेबल आणि साधी खाट. पहाटे पाचला उठून तो अकरापर्यंत लिहायचा, दुपारी गावातल्या वाचनालयात नियतकालिकं चाळून टिपणं काढायचा. वडिलांनी नांतहून पॅरिसला पाठवलं होतं वकिली शिकायला. याने नाटकं लिहिली, पोटासाठी शेअरबाजारात काम केलं. पस्तिशीच्या सुमारास, १८६३ मध्ये, एत्झेल या प्रकाशकाने त्याची बलूनमधून आफ्रिका ओलांडण्याची कादंबरी छापली आणि आयुष्य पालटलं. पत्नी ओनोरिन आमियाँची, म्हणून १८७१ मध्ये बिऱ्हाड इकडे आलं.

आणि याच गावात बसून त्याने आपला भारत लिहिला! त्याच्या ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या कादंबरीतला नोकर मलबार हिलच्या देवळात बुटांसकट शिरतो. ‘स्टीम हाउस’ या १८८० च्या कादंबरीची सुरुवात तर थेट औरंगाबादेत होते. नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्याला दोन हजार पौंडांचं इनाम, असा जाहीरनामा तिथे लागलेला असतो. पुढे वेरूळची लेणी येतात, वाफेवर चालणारा लोखंडी हत्ती येतो. व्हर्न नानासाहेबांना ‘नबाब’ म्हणतो, ते खटकतंच. इंग्रजांनी बंडाचा सूड कसा उगवला तेही तो लिहितो, पण त्याचे नानासाहेब खलनायकच राहतात. मला हे फार लागतं. कारण कॅप्टन निमो, म्हणजे त्याच्या कादंबरीतल्या पाणबुडीचा कप्तान, याच्या बाबतीत तो वेगळा वागला होता. निमो आधी त्याच्या मनात पोलिश उमराव होता, रशियन सत्तेने ज्याचं कुटुंब मारलं. रशियातला खप बुडेल म्हणून एत्झेलने ते नाकारलं. निमोचं मूळ गुलदस्त्यातच राहिलं आणि १८७५ च्या सुमारास ‘मिस्टीरियस आयलंड’ या कादंबरीत उलगडलं: बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, सत्तावन्नच्या लढ्यात सगळं गमावलेला. जगातली सर्वांत प्रसिद्ध पाणबुडी एका भारतीय बंडखोराची आहे, हे आपल्याकडे प्रत्येक मुलाला माहीत असायला हवं.

१८८६ मध्ये मानसिक आजारी पुतण्याने त्याच्यावर गोळी झाडली. पायाचं दुखणं जन्मभर राहिलं. आठच दिवसांत एत्झेलही गेला. समुद्रसफरी थांबल्या, बोट त्याआधीच विकली होती. मग १८८८ मध्ये तो नगरसेवक झाला आणि आमियाँची पक्की सर्कस बांधून घेण्यात पुढाकार घेतला. ती गोल इमारत आजही उभी आहे. तिला आता त्याचंच नाव आहे.

संध्याकाळी मादलेन स्मशानभूमीत गेलो. १९०५ मध्ये गेलेल्या व्हर्नच्या थडग्यावर आल्बेर रोझ याचं शिल्प आहे: शिळा फोडून वर येणारा, हात उंचावलेला व्हर्न. गावाच्या कडेला आहे, रस्ता लांबचा. पण आमियाँला गेलात तर कॅथेड्रलमधला वेळ थोडा कमी करा आणि इथे जाच.