खाडीतला गिऱ्हा खेळात आणताना

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकत, पात्रे वठवत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, पण मालवणात आम्ही तो खेळतो तेव्हा त्यातले ड्रॅगन मला उपरे वाटतात. म्हणून त्यांच्या जागी मी गिऱ्हा घेतला, जो कोकणातल्या समजुतीनुसार पाण्यात राहतो आणि रात्री एकट्या वाटसरूला चकवून खोल पाण्यात नेतो. त्याची ताकद मी सर्वांत शेवटी ठरवतो, कारण त्याला काय हवे आहे आणि तो कशाने हरतो हे पक्के झाल्याखेरीज वीस बाजूंच्या फाशावरचे आकडे निर्जीवच राहतात. ओहोटीला खाजणाच्या चिखलात तो दुबळा असतो. भरतीला मात्र कांदळवनाच्या मुळांतून त्याचे हात कमरेपर्यंत येतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते, त्यामुळे खेळाडूंना तलवारीइतकेच तिथीकडेही लक्ष द्यावे लागते, आणि मला हीच गोष्ट सर्वाधिक आवडते.