टाका शिकायला किती दिवस लागतात?

इंदूरच्या रामबाग भागात, घराच्या मागच्या खोलीत, मी चामड्याचे पट्टे, पाकिटे, पिशव्या आणि हत्यारांची म्याने मागणीप्रमाणे बनवते. काम बघायला आलेले कोणीही थोडा वेळ शेजारी बसले की बहुधा एकच प्रश्न विचारते: हा हाताचा टाका शिकायला किती दिवस लागतात? तुम्हीही विचारलेत, म्हणून आधी सरळ उत्तर देते. रोज तासभर बसलात तर पंधरवड्यात टाका येतो आणि दोन-तीन महिन्यांत तो एकसारखा पडू लागतो. मात्र या धंद्यात गिऱ्हाईक ज्या गोष्टीचे पैसे देते ती टाक्याच्या कितीतरी आधी घडलेली असते. कातडे समोर पसरल्यावर रापी, म्हणजे चामडे कापायचे हत्यार, कुठून कुठे न्यायची हे ठरवणे, हे या कामातले खरे शिक्षण आहे आणि त्याला वर्षे लागतात.

टाक्याची रीत समजायला सोपी आहे. एकाच मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई असते, आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून आरपार जातात. शिलाई मशीनमध्ये वरचा आणि खालचा असे दोन दोरे चामड्याच्या मध्ये एकमेकांत अडकतात, त्यामुळे एक दोरा घासून तुटला की शेजारचे टाकेही सैल होत जातात. हाताच्या टाक्यात एक धागा तुटला तरी दुसरा त्याच भोकांतून गेलेला असल्यामुळे शिवण धरून राहते. शिवण जितकी लांब, त्याच्या साधारण चौपट दोरा घ्यावा लागतो. चामडे जाड असेल तर त्याहून अधिक. आरीचे टोक गोल नसून पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे असते आणि ते दर वेळी त्याच तिरक्या कोनात घुसले पाहिजे, नाहीतर मागच्या बाजूची ओळ वाकडी होते. एवढे सांगितले की सांगण्यासारखे फारसे उरत नाही. पुढचे सारे सरावाचे आहे.

कातड्याचे तसे नाही. माझ्याकडे म्हशीचे आणि बकरीचे चामडे येते. मध्य प्रदेशात गोवंशाच्या हत्येवर २००४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि तसेही जाड पट्ट्यासाठी म्हशीचे चामडे मला मनापासून आवडते. म्हशीचे कातडे पाठीच्या कण्यावर उभे चिरलेले, म्हणजे अर्धे, येते आणि चौरस फुटावर विकले जाते. मागच्या बाजूला त्याचे माप लिहिलेले असते. माप सगळ्या अंगाचे एकच लावले जाते, पण त्या अर्ध्या कातड्यात तीन-चार वेगवेगळी चामडी असतात. पाठीवरचा आणि पुठ्ठ्याकडचा, म्हणजे शेपटीजवळचा, भाग घट्ट तंतूंचा असतो. तो वाकवला तर बारीक सुरकुत्या पडतात आणि सोडताच नाहीशा होतात. मानेकडे जनावराच्या हयातीतल्या वळ्या कायमच्या उमटलेल्या असतात. पोटाकडचे आणि पायांच्या सांध्याजवळचे चामडे सैल असते. दोन्ही हातांनी ओढले तर लांबते आणि पूर्वीच्या मापावर परत येत नाही. पोटाच्या भागातून कापलेला पट्टा दुकानात अगदी पाठीच्या पट्ट्यासारखाच दिसतो, वर्षभराने मात्र एका बाजूला झुकून धनुष्यासारखा वाकतो. कमरेचा पट्टा कण्याला समांतर, पाठीतूनच काढायचा असतो, त्याचे कारण हे.

म्हणून नवे कातडे आले की त्या दिवशी मी ते कापत नाही. खिडकीतून तिरका उजेड येईल असे ते फरशीवर अंथरते आणि गुडघ्यांवर बसून तळहाताने सगळे चाचपते. गोचिडाच्या टोचलेल्या खुणा, काटेरी तारेने ओरबाडल्याच्या रेघा, डाग दिल्याची जागा, हे वरून दिसते. सोलताना सुरी खोल गेल्याचे घाव मात्र आतल्या बाजूला असतात आणि वरून चामडे निर्दोष वाटते. तिथे नेमके बक्कल आले तर ओढ बसून पट्टा त्याच ठिकाणी फाटतो. मी आतून प्रत्येक घाव खडूने घेरते आणि मगच पुठ्ठ्याचे साचे मांडू लागते. बरी झालेली जुनी रेघ पिशवीच्या पाठीवर चालते, उलट शोभतेही. तीच रेघ झाकणाच्या घडीवर आली तर तेल लावल्यावर गडद होऊन डोळ्यांत भरते. साचे फिरवत, उलटे करत, एक बाजूला ठेवून दुसरा आणत यात सकाळ जाते. घरच्यांना तेव्हा मी काहीच करत नाही असे वाटते, पण दिवसातले सर्वात दमवणारे काम तेच असते.

हे मला ज्यांनी शिकवले ते छावणीत रस्त्याकडेला बसून जोडे दुरुस्त करणारे एक वयस्कर कारागीर. मी त्यांना काका म्हणते. बोट दाबून ‘इथे पोट सुरू झाले’ असे ते ज्या ठामपणे सांगतात, तो ठामपणा कोणत्याही प्रशिक्षणवर्गातून येणार नाही. चामड्याचे हे ज्ञान ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या सांभाळले त्याला त्याच कामापायी गावाबाहेर ठेवले गेले, आणि आजही काकांच्या पाटासमोर उभी राहणारी माणसे दहा रुपयांवरून घासाघीस करतात. माझ्या खोलीत मात्र तीच माणसे आदराने ‘कला’ वगैरे म्हणतात. ही तफावत मला बोचते, आणि शिकायला येणाऱ्याला मी ती पहिल्याच दिवशी सांगते. आपल्या शहरातल्या चामड्याच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तरी ती बनवणारे हात फार थोड्यांना ठाऊक आहेत. तारेचा सांगाडा, त्यावर भरण, आणि वरून बकरीचे पातळ चामडे ताणून बसवलेले, अशी ती घडण असते. घोड्याच्या मानेचा बाक घेताना चामड्याचा कोणता ताण कोणत्या दिशेला यावा हे त्या कारागिरांना कापण्याआधीच दिसत असते, आणि नेमकी ही दृष्टी मी कमवायला धडपडते आहे.

चामडे कसे कमावलेले आहे यावरही बरेच ठरते. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा अशा वनस्पतींतल्या द्रव्यांनी कमावलेल्या चामड्याला आठवडेच्या आठवडे लागतात. ते कडक असते, पाण्याने ओले करून त्याला आकार देता येतो, आणि त्याची कड घासली की गुळगुळीत होऊन चमकते. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले चामडे दिवसभरात तयार होऊ शकते, मऊ असते, पाणी बरे सोसते, पण त्याची कड कितीही घासली तरी बसत नाही. ती घडी घालून किंवा रंगाचा थर देऊन झाकावी लागते. यात एक श्रेष्ठ आणि दुसरे हलके असे मी मानत नाही. खांद्यावरच्या मऊ पिशवीला क्रोमचेच चामडे हवे. सालीच्या चामड्याचे एक पथ्य मात्र सांगून ठेवते. ते ओले असताना लोखंडाला लागले की निळसर काळा डाग पडतो आणि तो सहजासहजी जात नाही. रापीला धार लावताना उडालेला लोखंडाचा कणसुद्धा पुरतो. माझ्याकडे धार लावायचा दगड खोलीबाहेर ओट्यावर आहे आणि रिबिटे पितळेची आहेत, ती त्यामुळेच.

मागणीप्रमाणे काम करायचे म्हणजे गिऱ्हाईक सांगेल तसे करायचे, असा समज आहे. माझा अनुभव असा की गिऱ्हाईक जे सांगते त्यापेक्षा त्याची जुनी वस्तू अधिक सांगते. विजेच्या तारांवर काम करणारे एक गृहस्थ पकडीचे म्यान करून घ्यायला आले आणि ‘जाड चामड्याचे बनवा, ताई, टिकले पाहिजे’ एवढेच म्हणाले. जुने म्यान मागवून पाहिले तर चामडे धडधाकट होते; पकडीचे नाक सतत खालच्या कोपऱ्यावर आदळून तिथला दोरा कापला गेला होता, आणि आत साचलेल्या पावसाच्या पाण्याने तळ काळा पडला होता. जाडी वाढवून यातले काहीच सुटले नसते. मी दोन पाखांच्या मध्ये चामड्याची एक अरुंद पट्टी घालून शिवण घेतली, म्हणजे नाक पट्टीवर आदळेल आणि दोरा मागे सुरक्षित राहील, आणि तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोक ठेवले. त्यांची पकड उजव्या कमरेला मागे झुकलेली असते हे घासलेल्या खुणेवरून कळले होते, म्हणून अडकवायची पट्टी तिरकी लावली. पट्ट्याच्या मापाचेही असेच आहे. विजारीवर ३४ लिहिलेले असते म्हणून कमर ३४ इंच असतेच असे नाही. जुन्या पट्ट्याच्या बक्कलापासून रोज वापरात असलेल्या भोकापर्यंतचे अंतर हेच खरे माप. ते मधल्या भोकावर येईल असे धरून दोन्हीकडे इंचाइंचावर दोन-दोन भोके द्यायची.

आता धंद्याविषयी, कारण टाक्याच्या प्रश्नामागून ‘मग एवढी किंमत का?’ हा प्रश्न येतोच. अर्ध्या कातड्याचे पैसे मी पूर्ण मोजते, पण पट्ट्याच्या लायकीचा भाग त्यातला थोडाच असतो. पोटाच्या तुकड्यांतून किल्ल्यांचे जुडगे आणि नमुने होतात, त्यांना फारसा भाव येत नाही. पट्ट्याच्या किमतीत त्या न वापरलेल्या पोटाचा वाटा असतो, आणि हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. दिवाळीच्या आधी शंभर-दोनशे एकसारख्या डायऱ्यांची वेष्टने मागणारी कार्यालये येतात. त्या मागणीला मी नाही म्हणते. तेवढी संख्या ठरलेल्या भावात भरून काढायची तर मानेचा आणि पोटाचाही तुकडा साच्याखाली सरकवावा लागतो, आणि हाताला एकदा ती सवय लागली की ती पुढच्या पट्ट्यातही येते. आगाऊ निम्मी रक्कम घेते, तारीख लांबची देते आणि लग्नसराईत नवी कामे थांबवते. या पद्धतीने माणूस श्रीमंत होत नाही, पण घर चालते आणि कातड्याचे देणे थकत नाही.

ज्यांना खरोखर शिकायचे आहे त्यांनी आधीच कापून, भोके पाडून मिळणारे संच घेऊ नयेत; त्यात फक्त टाका शिकता येतो. एक चांगली रापी घ्या, तिला धार लावायला शिका, आणि कोणाबरोबर भागीत का होईना एक अर्धे कातडे आणा. रापीची धार अशी हवी की चामड्यावर ती करवतीसारखी पुढे-मागे न्यावी लागू नये. बोथट रापीला जोर लागतो आणि जोरातच हात सुटतो. पहिले काही आठवडे पोटाच्या तुकड्यांवर सरळ रेघा कापा आणि पाकिटाच्या घडीसाठी कड तासून निम्मी पातळ करा. त्याच कातड्यातून पाठ, मान आणि पोट अशा तिन्ही भागांच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापून खिळ्याला वजन लावून टांगून ठेवा, आणि महिन्याने मोजा. माझ्याकडे यायचे असेल तर दिवाळीनंतर या. जुलै-ऑगस्टमध्ये सालीचे चामडे हवेतली ओल ओढून मऊ पडते, रापीखाली ताणले जाते, आणि नव्या हाताला पाठ आणि पोट यांतला फरक कळत नाही. त्या दिवसांत मी स्वतःही फक्त दुरुस्तीची कामे घेते आणि कातडी पंख्याखाली पसरून ठेवते.